तेलमावशींनी ताणलेली चेन

गल्लीत एखाद्या दाराने कुरकुरायचा नुसता विचार केला तरी तेलमावशी हजर. हातात लांब चोचीची तेलाची बुधली, अंगात निळा एप्रन, आणि चेहऱ्यावर असा भाव की बरं झालं, रुग्ण दगावायच्या आत पोचले. विचारण्याची भानगड नाही. बिजागरीत थेंब, कडीत थेंब, आणि वळता वळता घरमालकाच्या चपलेवरही थेंब. कोपऱ्यावरच्या निवृत्त टॅक्सीवाल्याचा गुडघा चालताना वाजायचा. मावशी दिसल्या की तो बिचारा पाय पोटाशी घेऊन बसायचा.

"मावशी, हे हाड आहे हो, बिजागरी नाही," असं त्याने एकदा हात जोडून सांगितलं होतं. तरी मावशींनी त्या गुडघ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, असं म्हणतात.

सवय जुनी. शर्ट शिवणाऱ्या कारखान्यात मावशींनी उभी हयात काढली ती शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात. लांबच लांब हॉल, ओळीने मशिनं, ओळीने बायका, आणि त्यांच्यामधून एप्रनच्या खिशात पाने खुळखुळवत फिरणाऱ्या मावशी. सुई मोडली, दोरा अडकला, पट्टा सैल पडला की सगळ्यांची हाक एकच. निवृत्त झाल्या तेव्हा मालकाने भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. मावशींनी घरी आल्या आल्या ते उघडून त्यात तेल सोडलं. घड्याळ तेव्हापासून बंद आहे, पण आवाज मात्र अजिबात करत नाही, असं त्यांचा मुलगा सांगतो.

हा मुलगा शाळेत गणित शिकवतो. यंत्रांशी त्याचं वैर नाही, पण ओळखही नाही. सायकलमध्ये हवा भरायची झाली तरी ती फुटेल म्हणून तोंड फिरवून पंप मारणारा माणूस. अशा बाईच्या पोटी हा कसा जन्मला, हा गल्लीचा आवडता विषय, आणि खरं सांगायचं तर मावशींचाही. पण पुढे त्याने लग्न जमवलं, आणि सून घरी आली ती मोटरसायकल चालवत. मावशींनी मुलाचे मागचे सगळे गुन्हे उंबऱ्यावरच माफ करून टाकले.

सून जनावरांची डॉक्टर. नोकरी शहराच्या कडेला असलेल्या जनावरांच्या दवाखान्यात, पण तिचं खरं काम वर डोंगरात. तिथे मेंढपाळांच्या वस्त्या आहेत, आणि जीप जाईल असा रस्ता नाही. म्हणून दवाखान्याने तिला ही गाडी दिलेली. डांबरावर चालते तशीच मातीत, खडीवर, ओढ्याच्या गोट्यांतूनही चालणारी. अंगाने सडपातळ, उंचीने घोडा. पुढचं मडगार्ड चाकापासून हातभर वर, टायरला जाड जाड गाठी, आणि मागच्या कॅरियरवर लसींची बर्फाची पेटी. दर बुधवारी सून ती पेटी भरून डोंगरफेरीला निघायची. तिकडची मेंढरंसुद्धा तिला आवाजाने ओळखायची म्हणे. लस टोचणारीला ओळखून ती पळत येत होती की पळून जात होती, ते विचारू नका.

घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात सुनेने सहज विचारलं, "आई, चेन साफ करायला जुना ब्रश आहे का हो?"

सहजच विचारलं होतं. पण निवृत्तीनंतर मावशींना कुणी काही कामाचं विचारलेलं हे पहिलंच. मुलगा विचारायचा ते "आई, जेवलीस का?" सुनेने ब्रश मागितला आणि मावशी ब्रश, रॉकेल, फडकी, पाने आणि बसायला पाट घेऊन बाहेर आल्या. त्या दिवसापासून गाडी दवाखान्याची, चालवणार सून, आणि बाकी सगळं मावशींचं.

रविवार सकाळ म्हणजे गाडीचं न्हाणं. दाराशी गाडी उभी करायची, चेन रॉकेलने घासायची, पुसायची, तेल द्यायचं. इंजिनातलं तेल काचेच्या खिडकीतून बघायचं. ब्रेकची पायपट्टी दाबून बघायची, टायर अंगठ्याने चेपायचे, चाकाच्या तारा एकेक वाजवून बघायच्या. सगळं मन लावून. आणि मावशींचं एक तत्त्व होतं, कारखान्यातून आणलेलं: सैल दिसेल ते घट्ट करायचं, कोरडं दिसेल ते ओलं करायचं, आणि उघडं दिसेल ते झाकायचं. शिलाई मशीनचा पट्टा ढिला पडला की टाका चुकतो. त्यामुळे चेन जरा लोंबताना दिसली की मावशींचा हात पान्याकडे जायचाच. मागच्या चाकाचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे बोल्ट फिरवत त्या चेन ओढायच्या, इतकी की बोटाने दाबली तरी हलू नये. मग मागे सरकून बघायच्या, वीणेची तार लावून झालेल्या कारागिरासारख्या.

झाकण्याचं म्हणाल तर त्याची कथा अशी. सीटखाली जिथून गाडी हवा घेते तिथे एक तोंड असतं. डोंगरातल्या धुळीने गाडीची छाती भरेल, असं मावशींना वाटलं. घरात मशीन होतं, निळं फ्लॅनेलचं कापड होतं. त्यांनी त्या तोंडाला मापाचं झबलं शिवलं. कडेला इलॅस्टिक, दुहेरी शिवण, एक टाका वाकडा नाही. आतल्या स्पंजच्या फिल्टरलाही त्यांनी तेलात बुडवून काढलं. तेल द्यायचं असतं हे खरं, पण देऊन पिळायचंही असतं. मावशींनी आयुष्यात दिलेलं तेल कधी परत घेतलं नव्हतं.

पहिल्यांदा गाडी बंद पडली ती घाटाच्या मध्यावर. सून संध्याकाळी घरी आली ती बोकडांच्या टेम्पोतून, गाडी आडवी बांधलेली, केसांत गवत. नाक्यावरच्या मेकॅनिकने गाडी उघडली, बंद केली, गल्लीतून एक फेरी मारली.

"एकदम झकास आहे, मावशी. नवी वाटते."

"मग बंद का पडली?"

"दमली असेल," मेकॅनिक म्हणाला. विनोद करण्याचा त्याचा तेवढाच प्रयत्न. मावशींनी अशा नजरेने बघितलं की तो पाने गोळा करून चालता झाला.

पुढच्या फेरीला पुन्हा तेच. सपाटीवर गुणी बाळ, पेटी भरून चढ लागला की धापा, खोकला, आणि ठप्प. तासभर थांबून, थंड करून खाली आणावी लागायची. वर बर्फ वितळायचा, लस वाया जायची, मेंढपाळ कळप गोळा करून दिवसभर वाट बघत बसायचे. मावशींनी त्यावर उपाय म्हणून चेन अजून ताणली आणि फिल्टरला अजून तेल दिलं.

तिसऱ्यांदा गाडी बंद पडली तेव्हा दवाखान्याच्या साहेबांनी सुनेला बोलावून घेतलं. साहेब वाईट नव्हते, फक्त थकलेले होते.

"मॅडम, लोकांना सारखं ताटकळत ठेवून चालत नाही. येत्या बुधवारी वरच्या कुरणावर पोचलात तर ठीक. नाहीतर फेरी बंद. त्यांनी जनावरं खाली आणावीत, आणि तुम्ही इथे खिडकीवर बसा."

म्हणजे वरची म्हातारी माणसं आजारी मेंढी पाठीवर घेऊन दिवसभर चालणार, आणि सून शिक्के मारणार. घरी येऊन ती स्वयंपाकघरात गाजर चिरत नवऱ्याला हे सांगत होती. मावशी पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. भिंत पातळ, कान तीक्ष्ण.

"नाक्यावरच्याला दे ना कायमची," मुलगा म्हणाला. "आईच्या हातून काढून घे."

"कसं सांगू रे त्यांना? रविवारी पाट घेऊन निघतात तेव्हा तोंड बघितलंयस त्यांचं?"

"मग मी सांगू?"

"तू गप्प बस. तू सांगितलंस की भांडण होईल." दुसरं गाजर खटाखट चिरलं गेलं. "ती फेरी गेली ना, तर मी नुसती नोकरी करेन. दुसरं काय."

मावशींनी एक शर्ट घडी घातला, उलगडला, पुन्हा घडी घातला. असं त्या कधी करत नाहीत.

मंगळवारी दुपारी त्या गाडीपुढे पाटावर बसल्या. बुधली आत ठेवून आल्या होत्या. हे बघूनच टॅक्सीवाल्याने खुर्ची जवळ ओढली. मावशींनी एकेक गोष्ट तपासली. पेट्रोल येतंय, बघितलं. टाकीच्या झाकणाचं भोक मोकळं. प्लगला ठिणगी. वायरी घट्ट, तेल बरोबर, टायरमध्ये हवा. लाथ मारली तर पहिल्याच किकेला गाडी सुरू, आणि अशी गोड चालू राहिली की कुणालाही वाटावं, आळ घेताय बिचारीवर.

"गाडीला काही झालेलं नाही," टॅक्सीवाला म्हणाला. "डोंगरालाच काहीतरी झालंय."

मावशी हसल्या नाहीत. त्यांना कारखान्यातलं एक मशीन आठवत होतं. ते मशीन मावशींनी चालवलं की सुरळीत, आणि त्या जागेवरच्या जाडजूड कामगारणीने चालवलं की दर बाहीला दोरा तोडायचं. सगळे त्या बाईला नावं ठेवत. शेवटी मावशींनी बाईला मशीनवर बसवलं आणि स्वतः टेबलाखाली शिरून बघितलं. बाईच्या गुडघ्याने टेबल जरासं उचललं जायचं आणि पट्टा तिरका व्हायचा, एवढंच. मशीन रिकामं तपासून भागत नाही, हे मावशी नंतर प्रत्येक नव्या माणसाला शिकवत आल्या. आणि या गाडीवर आजवर त्यांनी कुणाला बसवून बघितलं होतं? स्वतः तर तिच्यावर कधी बसल्याही नव्हत्या.

"पेटी भरून आण गं," त्यांनी आत हाक मारली. "आणि ये, बस गाडीवर."

सून बसली. मागचा भाग थोडा खाली गेला.

"अरे मास्तर, तू पण बस मागे."

"मी? मी कशाला?"

"वजन म्हणून. जन्माला आल्यासारखं एकदा तरी यंत्राच्या उपयोगी पड."

मुलगा पायरीवरून चढला आणि बायकोला असा घट्ट धरून बसला की जणू गाडी ताशी शंभरने निघालीय. गाडी तर बाजूच्या स्टँडवर उभी होती. आता मागची स्प्रिंग चांगलीच दबली. मावशींनी वाकून चेनवर बोट ठेवलं.

चेन नव्हतीच ती. लोखंडाची सळई होती. बोटाखाली हलायचं नाव नाही, आणि चाक जरासं पुढे ढकललं तर कर्र कर्र असा जीव चालल्यासारखा आवाज.

मावशींनी चाक पुन्हा ढकललं आणि कान देऊन ऐकलं.

"काय झालं मावशी, तेल संपलं?" टॅक्सीवाल्याने विचारलं. मावशी त्याच्याकडे न बघता चाकापाशी आणखी खाली वाकल्या, तेव्हा तो खरंच घाबरला आणि खुर्ची मागे घेऊन बसला.

"हे माझ्या हातचं आहे," मावशी शेवटी म्हणाल्या. "रिकामी गाडी उंच उभी असते, तेव्हा चेन लोंबते. माणूस बसला, पेटी आली, खड्डा आला, की मागचं चाक वर सरकतं आणि चेन ओढली जाते. तेवढ्यासाठी आधीच खेळ ठेवायला हवा होता. शिलाई मशीनचा पट्टा कुठे खालीवर होतो? तो जन्मभर एका जागी. मी त्याच डोळ्यांनी बघत होते." त्यांनी मागच्या दातेरी चाकावर बोट फिरवलं. दात एका बाजूला झिजून आकड्यासारखे वाकले होते. "बघ, खाल्लंय मी हे."

"चालवताना मला हिसके जाणवायचे," सून हळूच म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या मनापासून करता…"

"अगं पोरी! मनापासून केलं म्हणजे बरोबर केलं का? कारखान्यात मुली मला तोंडावर सांगायच्या, मावशी, तुम्ही हात लावून गेल्यापासून मशीन जास्तच वाईट चालतंय. मी चिडायचे आणि परत जाऊन बघायचे. तू सून झालीस म्हणून गप्प बसणार, आणि मी सासू म्हणून ताणत राहणार, मग गाडीने जायचं कुठे?"

सुनेला हसू आलं, आणि त्याबरोबर थोडं रडूही.

"मी उतरू का आता?" मागून गणिताच्या मास्तरांनी विचारलं.

चेन सैल केली. दोन माणसं आणि पेटी बसल्यावरही अंगठ्याएवढा खेळ राहील इतकी. दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखे, चाक सरळ रेषेत. बोल्ट फिरवला सुनेने, मावशींनी नुसतं बघितलं. त्यांच्या हातांना नुसतं बसणं जमत नव्हतं, म्हणून त्यांनी हात एप्रनच्या खिशात घातले.

"पण आई, चेन ताठ म्हणून इंजिन बंद पडेल?"

"ओढाताण होईल. पण खोकणार नाही. खोकला वेगळा आजार आहे, आणि तो दाराशी दिसायचा नाही. जिथे अडतं तिथे जाऊन बघायला हवं." मावशींनी गाडीच्या सीटकडे मान वर करून बघितलं. "उद्या मी येते."

बुधवारी सकाळी गल्लीत जत्रा. मावशी मुलाची जुनी पॅन्ट घालून, वरून एप्रन, डोक्यावर मुलाचं हेल्मेट. ते त्याने आजवर फक्त घरात, आरशासमोर घातलं होतं. चढताना एक पाय सीटवर अडकला, टॅक्सीवाल्याने ढकललं, आणि मावशी अचानक वर पोचल्या.

"मावशी, भीती वाटली तर हाक मारा, मी टॅक्सी काढतो," तो म्हणाला.

"तुझी टॅक्सी भंगारात जाऊन जमाना झाला. गुडघा सांभाळ."

गाडी निघाली. डांबर संपलं, खडी लागली, ओढ्याचं पाणी बुटांवर उडालं. मावशींनी डोळे मिटले होते ते उघडले, कारण मिटलेल्या डोळ्यांनी ऐकू नीट येत होतं, पण बघायलाही काहीतरी होतं बाहेर. वाकून चेनकडे कान देत होत्या. कर्र नाही, हिसका नाही. चेन आपली सरसरत फिरत होती. मावशींना वाटलं, आजवर मी हिला कधी बोलूच दिलं नाही.

आणि मग घाट सुरू झाला. दुसऱ्या वळणावर खोकला आला. तिसऱ्यावर धाप. सुनेने गियर उतरवला, अ‍ॅक्सिलरेटर पिळला, तर गाडी उलट आणखी गुदमरली, मागे काळा धूर सोडला आणि गप्प झाली. वारा तेवढा ऐकू येत होता. वरच्या कुरणावर कळप पांढऱ्या ठिपक्यांसारखा दिसत होता. म्हणजे लोक जमले होते. पेटीतला बर्फ काही कुणासाठी थांबणार नव्हता.

सुनेचं तोंड उतरलं. तिने सवयीने मावशींकडे बघितलं. मावशींचा हात सवयीने पान्याकडे गेला, आणि तिथेच थांबला. मी काय दर बुधवारी हिच्या मागे बसून येणार आहे का, असं त्यांच्या मनात आलं.

"तू कर," त्या दगडावर बसत म्हणाल्या. "मी विचारते. तुझ्याकडे मेंढी आली आणि श्वास लागलाय, तर आधी काय बघतेस?"

"खाल्लंय का, प्यायलंय का."

"मग बघ."

सुनेने झाकण उघडून गाडी हलवली. पेट्रोल होतं. नळी काढून बघितली, येत होतं. हँडलवरचं इंजिन बंद करायचं लाल बटण तपासलं, बरोबर होतं. मग प्लगचा पाना काढला. गरम प्लग फडक्यात धरून बाहेर काढला, तर तो काजळासारखा काळा आणि ओला.

"हा बघा. पेट्रोल मिळतंय, पण जळत नाहीये. जास्त होतंय." ती थांबली. तिच्यातली डॉक्टर जागी झाली होती. "जास्त नाही होत, आई. हवा कमी पडतेय. सपाटीवर हळू चालते तेव्हा पुरते. चढावर मोठा श्वास हवा, तो घेता येत नाही. छाती भरलीय किंवा नाक बंद आहे."

"नाक कुठे आहे हिचं?" मावशींनी विचारलं, आणि विचारताच त्यांचा चेहरा बदलला. नाक कुठे आहे ते त्यांना चांगलंच माहीत होतं. मापं घेतली होती ना.

सुनेने सीट काढली. खाली निळं फ्लॅनेलचं झबलं, धुळीने आणि तेलाने माखून चामड्यासारखं कडक झालेलं.

"मला वाटलं कंपनीचंच आहे," ती म्हणाली. "नाक्यावरच्यालाही तसंच वाटलं असेल. शिवण किती सुरेख आहे, आई."

"सुरेख असायला काय झालं? दुहेरी आहे," मावशी म्हणाल्या, आणि मग स्वतःच कपाळावर हात मारून हसायला लागल्या. असं हसू की दगडावरून घसरल्या. "धावणाऱ्या माणसाच्या तोंडावर उशी दाबली गं मी! आणि वर इलॅस्टिक लावलं!"

सुनेनेही मग मनातलं सगळं हसून घेतलं. झबलं निघालं. आतला स्पंज निघाला तर त्यातून तेल ठिबकत होतं. तो एप्रनमध्ये गुंडाळून दोघींनी दोन टोकांनी पिळला आणि परत जागेवर बसवला. निळ्या एप्रनवर काळा डाग पसरला. कारखान्यात इतकी वर्षं जपलेला एप्रन, पण मावशींनी बघितलंही नाही. सुनेने प्लग तारेच्या ब्रशने घासला, फुंकला, हाताने फिरवून बसवला आणि मग पान्याने आवळला.

"अजून आवळू?"

मावशींनी तोंड उघडलं, मिटलं. "बस झालं," त्या म्हणाल्या. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून गल्लीत कुणीही कधी ऐकले नसतील.

किक बसली. एकदा काही नाही. दुसऱ्यांदा भुर्रकन काळा धूर, आणि मग मोकळा, स्वच्छ, भरघोस आवाज. गाडी असा श्वास घ्यायला लागली जणू पाण्यातून डोकं वर काढलंय. सुनेने झबल्याला हात पुसले आणि ते पेटीखाली खोचून टाकलं.

वरचं कुरण आलं तेव्हा बर्फ अजून शाबूत होता. मेंढपाळांनी कळप दगडी कुंपणात कोंडून ठेवला होता. सून लगेच कामाला लागली. मावशींना कोकरं धरायला दिली. कोकराचे कान कसे धरायचे ते कळायच्या आत एकाने त्यांच्या एप्रनची दोरी चावून खाल्ली.

"ह्या कोण?" एका म्हाताऱ्या मेंढपाळणीने विचारलं.

"माझ्या सासूबाई," सून सुई भरता भरता म्हणाली. "आमच्या मेकॅनिक."

म्हातारीने मावशींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. काळे हात, लेकाची पॅन्ट. तिची खात्री पटली असावी. ती झोपडीत गेली आणि लोकर कातरायचं एक गंजकं हातमशीन घेऊन आली.

"ह्याला बघता का? दर वेळी मध्येच अडकतं. मेंढी अर्धी राहते."

मावशींचे डोळे असे चमकले की सुनेने मान फिरवून हसू लपवलं. हात पुढे आला, पण मशीन घेण्यासाठी नाही.

"आधी मेंढी आण," मावशी म्हणाल्या. "चालवून दाखव. तू चालवतेस तसंच. मी खाली बसून बघते."

साहेबांना निरोप त्या दोघींच्या आधी पोचला होता. वरच्या कुरणावर सगळा कळप टोचून झाला, आणि शिवाय एक मशीन दुरुस्त झालं, पलीकडच्या खोऱ्यातही अशी मशिनं आहेत, बाई कधी येतात? साहेबांनी सुनेला विचारलं, "ह्या बाई म्हणजे तुम्हीच ना?" त्यावर सून काय बोलली ते कळलं नाही, पण फेरी चालू राहिली, आणि नवं दातेरी चाकही दवाखान्याने मागवून दिलं.

पुढच्या रविवारी दाराशी पाट दोन मांडले गेले. मावशींनी चेनला हात लावायचा नाही, फक्त बोटाने खेळ बघायचा, असं ठरलं. मुलाला वजन म्हणून बसायची नोकरी कायमची लागली. सीटवर बसून तो मुलांच्या वह्या तपासतो. गल्लीतली दारंही हळूहळू कुरकुरायला लागली आहेत, कारण मावशींकडे आता डोंगरातून आलेली कातरमशिनं पसरलेली असतात आणि वेळ नसतो.

त्यानंतरच्या बुधवारी सून एकटीच गेली. मावशी दाराशी उभ्या राहिल्या नाहीत. नळीत पेट्रोल आहे का, प्लग बघितलास का, काही विचारलं नाही. दिवसभर एक कातरमशीन उघडून बसल्या होत्या. टॅक्सीवाल्याचं म्हणणं असं की त्यांनी ते तीन वेळा उघडलं आणि तीन वेळा तसंच बंद केलं.

दिवस कलताना गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला. मावशींनी मान वर केली, पण उठल्या नाहीत. सून आत आली, हात कोपरापर्यंत काळे.

"उशीर झाला, आई. वरच्या वळणावर प्लग काढावा लागला."

"मग?"

"मग काय. साफ केला, घातला, आले."

मावशींनी कातरमशीनचं पातं उजेडात धरलं, त्यावर फुंकर मारली, आणि मग जणू काही विशेष घडलंच नाही अशा आवाजात म्हणाल्या, "साबण मोरीत आहे. आणि त्या वळणावर नेमकं काय झालं ते बसून नीट सांग, मला कळलं पाहिजे."